न उघडलेल्या चार फायली

वाल्मिक विशेबद्दल मुरबाडात कुणालाही विचारा. "विशे सर ना? माणूस लाख मोलाचा, पण काम देऊ नका बाबा, जीव खातो," असंच सांगतील. साधी यादी छापायला दिली तरी हा ती तीनदा वाचणार, मूळ कागद मागणार आणि कागद नसेल तर काम परत करणार. एका सरपंचानं वैतागून तोंडावर सांगितलं, "अहो सर, लग्नपत्रिका आहे ही, कोर्टाचा निकाल नव्हे." वाल्मिक हसला नाही की रागावला नाही. एवढंच म्हणाला, "कागद घेऊन या."

लोकांना वाटतं हा जन्मापासूनच असा काटेकोर. कसला जन्मापासून! एके काळी ह्याच्याइतका घिसाडघाईचा माणूस शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांत नव्हता. जेवतानासुद्धा अर्धा उभा असायचा.

हा मूळचा शहापूरकडच्या किन्हवलीचा. घरी भाताची खाचरं, दोन म्हशी आणि पाच भावंडं. बारावीनंतर कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि नव्याण्णव साली मुरबाडात एसटी स्टँडच्या मागं क्लास काढला. शहापुरात तोवर दोन क्लास झाले होते, आणि इथं बायकोच्या, म्हणजे नम्रताच्या माहेरचा गाळा रिकामा होता. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. पण पोरं यायची, कारण वाल्मिक शिकवायचा झकास. टायपिंग आणि पत्रलेखन संपलं की बाकीचे मास्तर सर्टिफिकेट हातात ठेवून मोकळे व्हायचे. हा पठ्ठ्या वेबसाइट बनवायला शिकवायचा. कल्याणच्या मित्राकडून पीएचपी ह्या वेबसाइटच्या भाषेचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक झेरॉक्स करून आणलं होतं, ते त्यानं डिक्शनरी मांडीवर घेऊन अक्षरशः चावून खाल्लं.

त्या काळी मुरबाडात इंटरनेट म्हणजे टेलिफोनची तार. किंचाळत जोडलं जायचं आणि घरात कुणी फोन उचलला की तुटायचं. एक पान उघडेस्तोवर चहा पिऊन व्हायचा. त्यामुळं वाल्मिकनं एक गोष्ट मनाशी घट्ट धरली: लागेल तेवढंच उघडायचं. सगळा माल एका फायलीत कोंबायचा नाही. प्रत्येक गावाची फाईल वेगळी ठेवायची, आणि ज्यानं जे गाव मागितलं तेवढीच त्या वेळेला आत ओढून घ्यायची. ह्या युक्तीचा त्याला फार अभिमान होता. पोरांना सांगताना छाती दोन इंच फुगायची.

ह्यात एक मेख आहे, तीही तो फळ्यावर खडूनं चित्र काढून शिकवायचा. "हे बघा, फंक्शन म्हणजे वेगळी खोली. आतलं आत, बाहेरचं बाहेर. आत तुम्ही एक्स नावाच्या डब्यात पाच ठेवा नाहीतर पन्नास, बाहेरच्या एक्सला पत्तासुद्धा लागत नाही. पण फाईल नुसती आत ओढून आणलीत ना, तर ती खोली-बिली मानत नाही. सरळ तुमच्या चुलीशी येऊन बसते आणि तुमचीच भांडी वापरते. तुम्ही एक्समध्ये तुमची मोजणी ठेवली असेल आणि तिनंही एक्सच वापरला, तर तुमची मोजणी गेली बोंबलत. म्हणून आधी खोली बांधा, मग पाव्हणी आणा." पोरं हसायची आणि वहीत उतरवून घ्यायची.

एवढं सगळं ज्याला माहीत होतं, त्याच्याच हातून ते झालं. हेच तर वाईट आहे. न कळणाऱ्याची चूक पोटात घालता येते हो, पण ह्याचं काय करायचं?

झालं ते असं. दोन हजार चार साली मुरबाडच्याच एका खाजगी संस्थेनं दहावी पास मुलींसाठी आरोग्यसेविकेचा दीड वर्षाचा कोर्स काढला. राहणं, खाणं, कपडे सगळं संस्थेचं. जागा चाळीस. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून अर्ज मागवले. संस्थेचे चिटणीस अनिलराव यांना हौस, की यादी नेटवर लागली पाहिजे. काम आलं वाल्मिककडं. अर्जांच्या तीन गोण्या क्लासात येऊन पडल्या. ते अर्ज कॉम्प्युटरवर चढवायचे, गुणांप्रमाणं लावायचे, पहिल्या चाळीस जणींची यादी नेटवर टाकायची आणि एक प्रत छापून संस्थेला द्यायची. आणि हे सगळं आठ दिवसांत, कारण अनिलरावांनी कुणा पाहुण्याच्या हस्ते वेबसाइटचं उद्घाटन ठरवून टाकलं होतं. पत्रिकाही वाटल्या होत्या.

वाल्मिक कामाला भिडला. गावागावाची फाईल केली. टोकावड्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला एक गाव आहे, त्याला आदिवासींच्या पाच वाड्या. तिथल्या आश्रमशाळेत चंदर गुरुजी म्हणून एक खटपटे शिक्षक होते. त्यांनी पाची वाड्यांतल्या चांगल्या गुणांच्या पोरी हुडकून स्वतःच्या हातानं अर्ज भरले होते. इतर गावांतून जे अर्ज आले ते गावठाणातले, कुणब्या-मराठ्यांच्या घरातले, तिथं एका गावाला एक फाईल पुरली. ह्या एकाच गावाला मात्र वाडीवार पाच फायली कराव्या लागल्या. एकामागून एक पाची वाड्या उघडायच्या, आणि प्रत्येक वाडीच्या आत तिथल्या मुली मोजायच्या. वाड्या मोजायला त्यानं एक्स घेतला. मुली मोजायलाही हात आपसूक एक्सवरच गेला. खोली बांधली नाही. दोन ओळींचं काम होतं, दोन ओळींचं! पण पाहुणा परवावर आला होता.

मग चालवून बघितलं. हे मात्र नीट ऐका. प्रोग्राम तपासायला वाल्मिकनं कुठलं गाव उघडलं असेल? किन्हवली. आपलं गाव, ओळखीची नावं. भावाची मेहुणी आली का? आली. पलीकडच्या आळीतली ती हुशार पोरगी आली का? आली. मग मुरबाड उघडलं, तेही बरोबर. झालं, चालतंय! वाडीचं गाव उघडून बघावं हे त्याच्या मनातच आलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. आपण माणसं, ज्यांच्यात आपलं जाणं-येणं असतं, त्यांचीच नावं आधी शोधतो.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी माऊसला हार घातला. यादी बरोबर चाळीस नावांची भरली होती, मग शंका कुणाला येणार?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास, एक बाई आणि तिची मुलगी क्लासच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. चपला बाहेर काढून, फरशी खराब होईल म्हणून उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हत्या. बाई म्हणजे जनाबाई मुकणे, पाचांतल्या तिसऱ्या वाडीची. मुलगी जयश्री. तिच्या वाडीतली दहावी झालेली ती पहिलीच.

"मास्तर, जरा पोरीचं नाव बघा ना," जनाबाई म्हणाली. "गुरुजी बदलून गेलं, नायतर त्यांनीच सांगितलं असतं."

वाल्मिकनं पान उघडलं. गावावर टिचकी मारली. पहिल्या वाडीच्या पाच जणी दिसल्या. जयश्री मुकणे नव्हती.

"नाव नाही गं तुझं."

पोरगी तशी धीट होती. म्हणाली, "सर, मला अडुसष्ट टक्के हायेत. शेवटची पोरगी कितीवर घेतली?"

शेवटची बावन्नवर होती. वाल्मिकनं ते आकडे बघितलेसुद्धा. तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण क्लासात आठ पोरं खोळंबली होती, तार कुठल्याही क्षणी तुटणार होती, आणि अर्जांच्या गोण्या वर माळ्यावर होत्या. स्टूल घेऊन चढावं लागलं असतं. त्यानं तेच पान पुन्हा एकदा उघडलं. पुन्हा तेच दिसलं.

"अर्जात काहीतरी राहिलं असेल तुझ्या," तो म्हणाला. "दाखला-बिखला. अर्ज बरोबर असता तर नाव आलंच असतं. आपोआप येतं ते."

"गुरुजींनी भरलेला," पोरगी पुटपुटली.

"गुरुजींचंही राहतं कधी."

जनाबाईनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "चल गो. मास्तर कशाला खोटं सांगतील?" आणि दोघी गेल्या. इकडं वाल्मिक दोन मिनिटांत विसरलासुद्धा.

ऑगस्टात कोर्स सुरू झाला. वाल्मिकचं नाव झालं. दोन पतपेढ्यांनी आणि एका शाळेनं वेबसाइट करून मागितल्या. सुखाचे दिवस होते.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. क्लासात रेश्मा नावाची एक विद्यार्थिनी होती, बी.कॉम. करणारी, चिवट. तिला त्यानं सराव दिला होता: चार वर्ग, प्रत्येक वर्गाची फाईल वेगळी, एकामागून एक उघडून सगळी मुलं दाखव. रेश्मा सकाळपासून डोकं धरून बसली होती. "सर, पहिलाच वर्ग दिसतोय. पुढचे तीन येतच नाहीत."

वाल्मिकनं मागून वाकून बघितलं आणि हसला. "अगं वेडे, शिकवलं काय होतं? बाहेर एक्स, आत पण एक्स. पहिल्या वर्गात मुलं चार. ती मोजून झाली तेव्हा एक्स गेला पाचावर. बाहेरच्याला वाटलं, चारही वर्ग झाले. त्यानं पुढच्या फायली उघडल्याच ना..."

'ही' तोंडातच राहिलं. पहिल्या वाडीच्या पाच जणी. वाड्या पाच.

पोरांना त्यानं सुट्टी दिली. रेश्मानं विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?" तो काय बोलला त्याचं त्यालाच ठाऊक नाही. दार लावून त्यानं आपला प्रोग्राम उघडला. शोधावं लागलंच नाही, ओळ समोर होती. पहिल्या वाडीच्या पाच मुली मोजून एक्स सहावर गेला होता आणि पाची वाड्या झाल्या असं समजून प्रोग्राम पुढच्या गावाला निघून गेला होता. चार वाड्यांच्या फायली तयार होत्या, नावं आत होती, गुण आत होते. त्या कधी उघडल्याच गेल्या नव्हत्या.

मग तो स्टुलावर चढला. तिसरी गोणी ओढली. चंदर गुरुजींचं टपोरं अक्षर लगेच ओळखू आलं. चार वाड्यांचे मिळून नऊ अर्ज. दाखले जोडलेले, फोटो चिकटवलेले, कुठंही काही राहिलेलं नव्हतं. नऊच्या नऊ बावन्न टक्क्यांच्या वर. जयश्रीच्या फोटोत केसांना तेल चोपडलेलं आणि मान ताठ होती. तो तिथंच गोणीवर बसून राहिला.

दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं. एका एक्सचा वाय केला, पान पुन्हा उघडलं आणि चारही वाड्या खडखडीत आल्या. काय उपयोग?

घरी जाऊन त्यानं नम्रताला सांगितलं. बाई बोलायला फटकळ, पण सरळ. म्हणाली, "उद्या सकाळी उठा आणि अनिलरावांना सांगून टाका. चुकलं म्हणावं. फार तर काय, काम काढून घेतील."

"आणि नाव? तालुकाभर बोंब होईल. पतपेढीवाले काय म्हणतील?"

"त्या पोरी काय म्हणतील ते आधी बघा."

"आधी त्या मुलीला भेटतो," वाल्मिक म्हणाला. "तिला सांगितलं की मग अनिलरावांकडं जातो." खरं सांगायचं तर ती पळवाट होती. पण निघाला मात्र खरा. दुसऱ्या दिवशी एसटीनं टोकावड्याला उतरला आणि तासभर चालत तिसरी वाडी गाठली.

वाडी ओस पडली होती. कुडाची दारं काट्या लावून बंद केलेली, कोंबडंसुद्धा नाही. एका झोपडीपुढं बाईजा नावाची म्हातारी नाचणी पाखडत होती.

"समदी भट्टीवर गेली," ती म्हणाली. "पडघ्याच्या अंगाला. जयश्रीबी गेली. तिची आय बोलत व्हती, पोरीला शिकायला घेतली नाय, मंग घरात बसून काय करल? विटा थापायला हात तेवढंच वाढलं."

"परत कधी येतील?"

"पावसाच्या तोंडाला. तुमी कोन?"

"असाच," वाल्मिक म्हणाला. "शाळेचं काम होतं."

आणि परत फिरताना त्याला काय वाटलं असेल? सुटलो! जीव भांड्यात पडला त्याचा. माणूस घरी नव्हतं, आपण तरी काय करणार? मी गेलो होतो ना, जाऊन आलो ना! पडघा म्हणजे कल्याणवरून अर्ध्या दिवसाची वाट. म्हातारीनं ठिकाण सांगितलं होतं. तो गेला नाही. आजही तो कबूल करतो, की प्रोग्राम चुकला त्यापेक्षा त्या उतारावरून हलक्या पायांनी खाली आलो, त्याची लाज जास्त वाटते.

अनिलरावांकडंही गेला नाही. आज पतपेढीचं काम, उद्या परीक्षा, परवा किन्हवलीच्या घरी म्हैस व्यायली. नम्रतानं चार वेळा विचारलं, मग विचारायचं सोडलं. ते सोडलेलं त्याला जास्त लागलं, पण तोंडाचं कुलूप काही निघालं नाही. अर्जांच्या गोण्या तशाच माळ्यावर राहिल्या, आणि क्लासात फायलींचा धडा आला की तो घाईघाईनं उरकायचा. डिसेंबर गेला, शिमगा गेला, दहावीचा पुढचा निकालसुद्धा लागला.

जूनमध्ये संस्थेच्या नव्या अर्जांचा गठ्ठा क्लासात आला, आणि चार दिवसांनी जनाबाई आली. एकटीच. वाल्मिकनं खिडकीतून तिला एसटी स्टँडच्या बाजूनं येताना बघितलं आणि त्याची पाचावर धारण बसली. हिला कळलं! कुणीतरी सांगितलं! आता चारचौघांत काढणार ही आपली! तिशी ओलांडलेला, दोन तालुक्यांत सर म्हणून मान असलेला हा माणूस मागच्या दारानं बाहेर पडला आणि अर्धा तास चहाच्या टपरीच्या आडोशाला उभा राहिला. शेपूट घालणं म्हणतात ते हेच.

परत आला तेव्हा रेश्मा टेबलाशी बसली होती. आता ती क्लासातच शिकवायला लागली होती.

"सर, जनाबाई म्हणून एक बाई येऊन गेली. मुलीसाठी अर्ज मागत होती. म्हणे, मागल्या वर्षी काहीतरी राहिलं होतं, ह्या वर्षी मास्तरांकडूनच भरून घेते, म्हणजे चुकायचं नाय."

वाल्मिक खुर्चीवर बसला. "दिलास अर्ज?"

"कसा देणार? ह्या वर्षीपासून बारावी लागते ना. तिची मुलगी दहावी. मी सांगितलं तसं. तर म्हणाली, मागल्या वर्षी चाललं असतं ना गो? मी म्हटलं, हो, मागच्या वर्षी चाललं असतं. बराच वेळ बाहेर पायरीवर बसली होती. मग गेली."

त्याच पावली वाल्मिक अनिलरावांकडं गेला. सात महिने जे बोलायला जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत बोलून झालं. अनिलराव भला माणूस. ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाल्मिक, जानेवारीत दोन मुली कोर्स सोडून गेल्या. एकीचं लग्न ठरलं, एकीला करमेना. दोन्ही जागा तशाच रिकाम्या राहिल्या. तुम्ही दिवाळीनंतर आला असतात तर दोघींना तरी बसवलं असतं. मागं पडलेलं शिकवून घेतलं असतं."

"आता काहीच नाही का होणार?"

"आता नियम बदलला. माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा टोकावड्याला उतरला. खिशात नऊ नावांचा कागद होता. वाडीत ह्या वेळी माणसं होती, कुडांना नवीन पेंढा बांधत होती. जनाबाईनं त्याला लांबूनच ओळखलं. "अगो बया, मास्तर आलं!" म्हणत तिनं घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिलं आणि आत जाऊन चूल फुंकायला लागली. जयश्री बाहेर पेंढ्या मोजत होती. वर्षभरात पोरगी रापली होती. हातांना विटांच्या मातीनं भेगा पडल्या होत्या.

वाल्मिक घोंगडीवर बसला आणि सांगायला लागला. पाच वाड्या, पाच पोरी, एक्स, न उघडलेल्या फायली. फळ्यावर सांगायचा तसंच सांगत गेला, कारण दुसरं कसं सांगावं हे त्याला येत नव्हतं. जयश्री समोर उकिडवी बसून ऐकत होती. मधे एकदा तिनं विचारलं, "म्हंजे माझा फारम बरोबर व्हता?"

"बरोबर होता. काही राहिलं नव्हतं."

तिनं श्वास सोडला. "मी वरीसभर गुरुजींना शिव्या दिल्या मनात," ती म्हणाली. मग वर बघून, "चुकतं सर. मानूसच हाये. तुमी एवढं चालत आलात सांगायला, ते तरी कोन येतं?"

तेवढ्यावर थांबलं असतं तर वाल्मिक माफी पदरात घेऊन घरी गेला असता. त्याला वाटलंही तसं, आता उठावं. डोळे भरून आले होते त्याचे. पण जयश्रीनं विचारलं, "तुमाला कळलं कवा?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं?

"दिवाळीनंतर," तो म्हणाला. "पंधरा दिवसांनी."

जयश्रीनं बोटांवर मोजलं. "तवा आमी भट्टीवर जाऊन आठ दिस झालं व्हतं." मग म्हणाली, "तवा जागा व्हती का?"

"जानेवारीत दोन होत्या."

आतून जनाबाई ओरडली, "साखर जास्त घालू का गो मास्तरांना?"

जयश्रीनं हात पुढं केला. "ती नावं द्या. बाकीच्या आठ जनींची."

"मी जातो ना त्यांच्याकडं. चूक माझी आहे, मीच सांगायला पाहिजे."

"तुमी नका जाऊ," ती म्हणाली. त्या वाक्यात 'सर' नव्हतं, आणि ते वाल्मिकला लगेच कळलं. "तुमी गेलात तर घोंगडी टाकतील, पानी देतील. मास्तर घरी आलं म्हनून तुमाला कोनी कायबी बोलनार नाय. मी सांगते त्यांना. माझ्यासमोर त्या काय बोलायचं ते बोलतील."

कागद तिनं घेतला, वाचला, घडी करून ब्लाउजात खोचला. मग उभी राहिली आणि दाराकडं तोंड करून म्हणाली, "आये, चाय नको टाकू. त्यांना जायाचं हाये."

"असं कसं? उकळला बघ."

"नको म्हनलं ना. राहू दे."

वाल्मिक उठला आणि चपला शोधायला लागला.